घरच्या बारीकसारीक बातम्या आणि शिकायला गेलेली लेक : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही कराडचे. माझी मुलगी यंदा बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. प्रवेशाचे कॅप राउंड, कागदपत्रं, हॉस्टेलची खोली, गादी, बादली या धावपळीत ऑगस्ट कसा सरला कळलंच नाही. मग रोज रात्री जेवणं उरकली की फोन. "जेवलीस का? मेसला काय होतं? झोप होते का? सबमिशन झालं का?" तिकडून उत्तरं यायची, "हो", "नेहमीचंच", "हो", "होईल गं". दोन मिनिटांत फोन खाली.

एका रात्री मी विचारायच्या आधीच सांगत सुटले. शेजारच्या काकूंची मांजर आमच्या माळ्यावर व्यालीय. हिचे बाबा सकाळी म्हणाले, हाकला तिला, आणि दुपारी स्वतःच बशीत दूध ठेवून आले. आजीने पिल्लांसाठी जुनी गोधडी काढून दिली, तीही तिची आवडती. लेकीने हे सगळं पुन्हा सांगायला लावलं. पिल्लं कोणत्या रंगाची, डोळे उघडले का, काकूंना कळलं का. आणि मग न विचारता तिने सांगितलं, की तिची रूममेट नांदेडची आहे, रात्री रडते, आणि हिलाही दोनदा रडू आलं होतं. ते मला इतके दिवस माहीत नव्हतं. मी विचारलं की ती उत्तर देते, मी सांगितलं की ती बोलते, एवढं मला तेव्हापासून पक्कं दिसलंय.

म्हणून हा धागा. तुमच्या आईने तुम्हाला घरच्या बातम्या कशा पोचवल्या? पत्रातून, एसटीडी बूथवरून, डब्यातल्या चिठ्ठीतून, व्हॉट्सॲपवर? कोणत्या बातम्यांची वाट बघितलीत? आज ज्यांच्या मुली बाहेर आहेत त्यांनीही लिहा. आणि एक गोष्ट मुद्दाम विचारते. आजारपण, पैशाची ओढाताण, घरातलं भांडण, हे मुलीला कळवावं का? माझं मत मी इथेच खाली लिहीन, आधी तुमचं ऐकू दे.

मूळची तुळजापूर तालुक्यातली, आता पुण्यात

मी 1991 ते 1995 पुण्यात हॉस्टेलवर होते. गावात फोन होता तो पोस्टात. त्यामुळे आईचं आंतरदेशीय पत्र हीच बातमी. दर रविवारी दुपारी ती लिहायची, सोमवारी पोस्टमन थैली घेऊन निघायच्या आत टाकायची.

ते निळं पत्र तुम्हाला आठवत असेल. आतली सगळी जागा भरली की आई कडेने लिहायची, मग कागद फिरवून उभं लिहायची, आणि शेवटी डिंक लावायच्या अरुंद पट्टीवरसुद्धा एखादं वाक्य बसवायची. पत्र उघडताना नेमकं तेच फाटायचं. वाफेवर सोडवावं तसं ते ब्लेडने हळूहळू उघडायला मी शिकले, कारण महत्त्वाचं बहुतेक वेळा पट्टीवरच असायचं. "काळी गाय गाभण आहे." "दादाने सायकल विकली, का ते विचारू नकोस." "तुझ्या पलंगावर आता कुणी झोपत नाही."

1993च्या सप्टेंबरची 30 तारीख. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमारास भूकंप. हॉस्टेलच्या रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं ऐकली आणि आम्ही लातूर-उस्मानाबादकडच्या मुली जिन्यातच बसून राहिलो. फोन लागत नव्हते. आमच्या गावाला त्या दोन गावांइतका फटका बसला नव्हता, पण ते पुण्यात बसून कसं कळणार? आमच्याकडची घरं सगळी दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. झोपेत माणसं त्याच्याच खाली गेली होती.

आठवड्याने आईचं पत्र आलं. "आम्ही सर्व खुशाल आहोत" हे वाक्य तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आशीर्वादाच्याही आधी. आणि पुढे नेहमीच्या बातम्या! अंगणात झोपतो. माळवदाची माती स्वयंपाकघरात पडली, पिठाचा डबा उघडा होता तो गेला. देवघराच्या भिंतीला चीर गेलीय. आजोबा आत झोपायचा हट्ट करतात. पाऊस आला की सगळे बैलगाडीखाली. काळी गाय त्या रात्री आधीपासूनच हंबरत होती. तुझी परीक्षा आहे, येऊ नकोस, आली तर झोपायला जागा नाही.

मला वाटतं त्या पिठाच्या डब्याने मला सावरलं. "खुशाल आहोत" कुणीही लिहितं. पिठाचा डबा उघडा होता हे लिहिणारी बाई खरंच शुद्धीवर, जागेवर आहे, याची खात्री पटली.

रत्नागिरी

आमच्या घरी फोन नव्हता आणि हॉस्टेलचा फोन रेक्टर मॅडमच्या खोलीत. आई बाजारातल्या एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर यायची, कारण तेव्हा पाव दर लागायचा. सोबतीला मामा. मॅडमनी आमच्यासाठी शनिवारी तेवढी सवलत ठेवली होती, त्यांचे उपकार.

आई कागदावर बातम्या लिहून आणायची. मीटरवर लाल आकडे पळायला लागले की ती श्वास न घेता वाचायची. "आंबा मोहरला. तुझ्या आत्याचं ठरलं, मुलगा खेडचा. विहिरीचा रहाट बदलला. बाबांचा खोकला बरा. चुलत्यांशी बांधावरून वाद, मिटेल. तुझं?" मग माझ्यासाठी एक मिनिट उरायचं. सुट्टीत घरी गेले तेव्हा ते कागद फडताळात सापडले, बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले. काही बातम्यांवर काट मारलेली होती. त्या वेळेअभावी राहिल्या की मुद्दाम गाळल्या, ते मी विचारून घेतलं. बऱ्याचशा मुद्दाम.

निफाडची मुलगी, राहुरीला कृषी शाखेत

आमची द्राक्षबाग आहे. घरात बागेचं बोलणं पप्पा आणि काका करायचे, मला कुणी काही सांगायचं नाही. राहुरीला आले आणि मम्मीने व्हॉइस मेसेज सुरू केले. ती बागेत फिरता फिरताच बोलते, मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज असतो. "ऑक्टोबर छाटणी झाली. पोंगा अवस्था आहे, डोळे फुटतायत. रात्री पाऊस पडला, पप्पा झोपले नाहीत." "थिनिंगला, घड विरळ करायला, बाया मिळत नाहीत, मीच जाते." "घडांना पेपर लावून झाला."

मागच्या वर्षी छाटणीनंतर पाऊस लागून राहिला. मम्मीने पानाचा व्हिडिओ पाठवला. वरून तेलकट पिवळा डाग, पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. मी वनस्पती रोगशास्त्राच्या सरांना दाखवला. डावणीच, म्हणजे केवडा रोग होता. सरांनी विचारलं, पाऊस कधी थांबला, शेवटची फवारणी कशाची, कॅनोपी, म्हणजे वेलींचा पानोरा, किती दाट आहे. ते मी मम्मीला विचारलं, मम्मीने पप्पांना, आणि तिसऱ्या निरोपाला पप्पा वैतागून स्वतःच फोनवर आले. पप्पा माझ्याशी बागेबद्दल पहिल्यांदा बोलले ते तेव्हा. आता औषध बदलायचं असलं की आधी मला फोन येतो.

मम्मीला बुरशीनाशकातलं काही कळत नाही असं सगळ्यांना वाटायचं. पण पान उलटं करून दाखवायचं हे तिलाच सुचलं होतं.

सांगलीकर

आमच्याकडची रोजची बातमी म्हणजे पाणी. पावसाळ्यात आईचा फोन "आयर्विनला किती" यानेच सुरू होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं हे घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं.

2019च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात शिकत होते. आई दिवसातून दोनदा आकडा सांगायची आणि त्याच्यासोबत घर कसं वर वर सरकतंय ते. आज लोणच्याच्या बरण्या माळ्यावर. आज शिलाई मशीन वरच्या मजल्यावर, चौघांनी उचललं. कोयनेतून अजून सोडलंय. आज गॅस सिलिंडर जिन्यात बांधून ठेवला. मग एका संध्याकाळी, "मोबाइलला चार्जिंग राहणार नाही, आम्ही मावशीकडे विश्रामबागला निघालो, तू यायला निघू नकोस." तिकडे कोल्हापूरजवळ हायवेही बंद झालेला. पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

हॉस्टेलवरच्या बाकीच्या मुली टीव्हीवरची दृश्यं बघून हादरल्या होत्या. मीही घाबरले होते, पण माझ्याकडे घराचा नकाशा होता. काय वर आहे, काय खाली राहिलं, कोण कुठे आहे, सगळं माहीत होतं. पाणी उतरल्यावर आईने गाळ काढतानाचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "बरण्या वाचल्या." रोज थोडं थोडं सांगणारी आई संकटात किती उपयोगी पडते, हे आम्हा सांगलीकरांना विचारा.

सोलापूर

बार्शीहून एसटीत डबा यायचा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी धपाटे. आई फार शिकलेली नाही, चिठ्ठी एकदोन ओळींची. पण डबा ती मुद्दाम गावाकडच्या पेपरात गुंडाळायची, आणि मला वाचायला हवं ते पान बाहेरच्या बाजूला ठेवायची. आमच्या शाळेचा निकाल, भगवंत मंदिराची यात्रा, ओळखीतल्या कुणाचं निधन. तेलाचे डाग पडलेले ते पेपर मी खोलीत वाळवून वाचायचे.

यवतमाळ जिल्हा, नागपूरला नर्सिंग शिकते

माझ्या मायला लिहिता-वाचता येत नाही. मोबाइलवर बोट दाबून धरायचं आणि बोलायचं, हे माझ्या लहान भावाने तिला शिकवलं. वेचणीच्या दिवसात ती वावरातूनच पाठवते. "पोरी, आज वेचा चांगला झाला. कापूस अजून घरातच हाय, भाव पाहून राह्यलो. तुई बकरी दोन पिल्लं देली. काई कायजी करू नोको." मग दाबलेलं बोट सोडायचं विसरते, आणि पुढे कितीतरी वेळ मला नुसतं वावर ऐकू येतं. बाया बोलतात, कुणी हसतं, कुत्रा भुंकतो. ड्युटीवरून आल्यावर मी ते शेवटपर्यंत ऐकते.

इथे सगळे भाषा सुधारायला सांगतात. पेशंटशी बोलायला ते लागतंच. पण मायचे मेसेज मी एकही डिलीट केलेले नाहीत.

मिरज, मेडिकलची विद्यार्थिनी

धाग्याच्या वरच्या प्रश्नावर लिहिते. माझ्या आईने तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन माझी परीक्षा संपेपर्यंत लपवलं. घरच्या सगळ्यांना ताकीद होती. ती रोज फोनवर बोलत होती, आवाजही ठीक होता. मला संशय आला तो बातम्यांवरून. दोन दिवस सलग "मावशीने आमटी केली", "मावशीने पोळ्या केल्या" असं आलं. आमच्या घरात आई उभी असताना मावशी ओट्याला हात लावत नाही, लावू शकत नाही! मी सरळ विचारलं, "आई, तू कुठे आहेस?" ती गप्प झाली. दवाखान्यातून बोलत होती.

मला राग आला, आणि तो मी तिला बोलून दाखवला. मी ज्या वॉर्डात रोज दुसऱ्यांच्या आयांना बघते तिथे माझी आई असेल तर मला कळू नये? आमचा आता करार आहे. आजार त्याच दिवशी कळवायचा, रिपोर्टचा फोटो पाठवायचा. आणि मी यायचं की नाही हे दोघींनी मिळून ठरवायचं. उलट तेव्हापासून माझी झोप सुधारली आहे. आई "बरी आहे" म्हणाली तर मला ते खरं वाटतं.

एक आई, नाशिक

मिरजच्या मुली, तुझं पटतं, तरी माझी बाजू मांडते. माझ्या मुलीच्या सीएच्या परीक्षेच्या ऐन दिवसात तिचे आजोबा गेले. ती त्यांची लाडकी. आम्ही तिला दोन पेपर होईपर्यंत सांगितलं नाही. ती रागावली, आजही त्याचं तिला वाईट वाटतं. पण आजोबांनीच शुद्धीत असताना बजावलं होतं, पोरीचा पेपर चुकवू नका. मी त्यांचा शब्द पाळला. तेव्हा सरसकट एकच नियम सगळ्या घरांना लावू नये. मी एवढं मात्र केलं, त्या दिवसांत खोट्या बातम्या रचल्या नाहीत. "आजोबा कसे आहेत" असं तिने विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

धागा सुरू करणारी, कराड

दोघींचं पुन्हा पुन्हा वाचलं. नाशिकच्या ताई, तुमच्या जागी मी असते तर बहुतेक तेच केलं असतं, जाणाऱ्या माणसाचा शब्द वेगळा. पण आजारपणाच्या बाबतीत मी मिरजच्या मुलीच्या बाजूने आहे. रोज मांजरीपासून मंडईपर्यंत सगळं सांगायचं आणि मोठं तेवढं झाकायचं, तर रोजच्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो. माझी थायरॉइडची गोळी सुरू झालीय, हे मी मुलीला काल सांगून टाकलं. तिने डोस विचारला आणि सकाळी उपाशीपोटी घेतेस ना, म्हणून दटावलं.

ठाणे, मुलगी अमेरिकेत

आमची मुलगी पिट्सबर्गला एमएस करते. आपले सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा करते आणि माझं काम चालू. दोघींनी सतत बोललंच पाहिजे असं काही नाही. ती तिकडे भांडी घासते, मी इकडे पोहे परतते. मध्येच "आई, फोडणीत शेंगदाणे आधी की कांदा?" सोसायटीची टाकी धुतली, लिफ्ट पुन्हा बंद, वॉचमनदादांच्या मुलाला आयटीआयला प्रवेश मिळाला, असं जे आठवेल ते.

माझ्या बहिणी म्हणतात, एवढ्या लांबच्या फोनवर हे काय बोलायचं. मला उलट वाटतं, लांब आहे म्हणूनच हे बोलायचं. महत्त्वाच्या गोष्टी काय, ईमेलवरही जातात.

एक बाबा, अहिल्यानगर

आयांच्या धाग्यात लिहितोय. माझी पत्नी गेली तेव्हा मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. रोजचा फोन आईचा असायचा, मी शेवटी "पैसे आहेत ना" एवढंच विचारायचो. नंतर तो फोन मी करू लागलो. सांगायला काही सुचायचं नाही, कारण घरात काय घडतं हे मला दिसतच नव्हतं. तुळशीला मंजिऱ्या आल्या, दूधवाल्याने रतीब अर्धा लिटर केला, समोरच्या आजींनी उकडीचे मोदक पाठवले, हे तिला माहीत हवं असतं. मी शिक्षक माणूस, खिशातल्या छोट्या वहीत दिवसभर टिपून ठेवायला लागलो. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, आज आईसारखं सांगितलंत." आता तिची नोकरी लागली आहे, वही चालू आहे.

हॉस्टेलवरून, पहिलं वर्ष, छत्रपती संभाजीनगर

इथे बहुतेक मोठी मंडळी दिसतात म्हणून आमच्या बाजूने सांगते. आम्हाला घरच्या बातम्या हव्या असतात, अगदी रोज हव्या असतात. कुणाकडे पुरणपोळी झाली, नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, भावाने माझ्या टेबलावर काय पसारा घातलाय, कुठल्या मैत्रिणीची आई बाजारात भेटली. फोटो पाठवा, वाकडे आले तरी चालतील.

नको असतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे मावसबहिणीचे मार्क. ती पहिली आली याचा मला आनंद आहे, पण तो आकडा सांगून झाल्यावर जी शांतता पाळली जाते ती नको. दुसरी म्हणजे "एक चांगलं स्थळ आलंय, फक्त सांगतेय". मी अठराची आहे. फक्त सांगतेय म्हटलं तरी त्या रात्री पुस्तक उघडत नाही. हे मी आईला फोनवर बोलू शकले नाही, म्हणून लिहून पाठवलं, तेही घाबरत. तिने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, की आजीच्या आग्रहामुळे ती सांगत होती, आता आजीशी तीच बोलेल, आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो विषय फोनवर निघणार नाही. खाली लिहिलं होतं, हौदाला गळती लागलीय, प्लंबर उद्या येतोय, रविवारी बोलू.